रक्तदाबाची गोळी : आपली आणि मुक्या सोबत्याची

रक्तदाब हा आता घरोघरचा शब्द झाला आहे. सकाळच्या चहाबरोबर बी.पी.ची गोळी घेणारे कोणीच नाही, असे घर शोधावे लागते. कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, हे आजीबाईंनाही तोंडपाठ असते. मात्र कुत्र्या-मांजरांनाही रक्तदाब असतो आणि म्हातारपणी तो वाढू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ते नुकतेच कळते, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, माझीच गोळी अर्धी करून दिली तर चालेल का?"

मी माणसांचा डॉक्टर. जनावरांवर उपचार करणे हे माझे काम नव्हे आणि कायद्याने मला तो अधिकारही नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकांकडे सोपवले आहे. तरीही हा विषय मी या सदरात घेत आहे, कारण घोटाळा सुरू होतो तो माणसांच्या औषधांच्या डब्यातून. गोळी मी आजोबांना लिहून दिलेली असते आणि ती जाते मांजराच्या पोटात. कधी प्रेमापोटी दिलेली, तर कधी कुत्र्याने स्ट्रिपसकट चघळलेली. म्हणून आमच्या गावातील एका पशुवैद्यक मित्राशी चर्चा करून आणि आवश्यक ते वाचून हा लेख लिहीत आहे.

वरील प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो : चालणार नाही. औषधाचे नाव तेच असू शकते, पण मात्रा, कारण, तपासणी आणि धोके वेगळे असतात. ते कसे, हे समजून घेऊ. तसेच पशुवैद्यकाने गोळी लिहून दिलीच असेल, तर ती सुरक्षितपणे कशी द्यावी, हेही पाहू.

प्राण्यांचा रक्तदाब म्हणजे काय?

गंमत अशी, की जगात पहिल्यांदा रक्तदाब मोजला गेला तो माणसाचा नव्हे, जनावराचा. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने एका घोडीच्या धमनीला उभी काचेची नळी जोडली. नळीत रक्त आठ फूट तीन इंच उंच चढले. हा प्रयोग त्याने १७३३ साली पुस्तकात छापला. आपल्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायची सोय व्हायला त्यानंतर दीडशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

माणसाचा रक्तदाब आपण वरचा आणि खालचा अशा दोन आकड्यांत सांगतो. कुत्र्या-मांजरांत मुख्यतः वरच्या आकड्यावर भर असतो. अमेरिकेतील पशुवैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या निकषांप्रमाणे वरचा आकडा १४० च्या खाली असेल तर काळजी नाही. १४० ते १५९ म्हणजे लक्ष ठेवण्याजोगा. १६० ते १७९ म्हणजे वाढलेला. आणि १८० किंवा त्याहून अधिक म्हणजे डोळे, मेंदू, हृदय, मूत्रपिंडे यांना मोठा धोका. ग्रेहाउंडसारख्या शिकारी, सडपातळ जातीच्या कुत्र्यांचा रक्तदाब मुळातच दहा-वीस अंकांनी जास्त असतो. आपल्याकडचा कारवानी कुत्राही त्याच धाटणीचा. तेव्हा आकडा पाहून घाबरण्याआधी कुत्रा कोणत्या जातीचा आहे, हेही पाहावे लागते.

माणसात आणि या प्राण्यांत एक फार महत्त्वाचा फरक आहे. माणसांत बहुसंख्य रुग्णांच्या रक्तदाबाला एकच ठळक कारण सापडत नाही. वय, अनुवंश, मीठ, वजन, ताण अशा अनेक गोष्टी मिळून तो वाढतो. कुत्र्या-मांजरांत मात्र बहुतेक वेळा मागे दुसरा आजार दडलेला असतो. मांजरात मूत्रपिंडांचा जुना विकार किंवा थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक. कुत्र्यात मूत्रपिंडविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींचा कुशिंग नावाचा आजार. म्हणजे प्राण्याचा वाढलेला रक्तदाब हा बहुधा धूर असतो. नुसता धूर घालवून भागत नाही, आग कोठे लागली आहे ते शोधावे लागते. घरातली गोळी परस्पर दिली की हा शोध राहूनच जातो.

मुका जीव सांगणार कसा?

माणसाला डोके दुखते, चक्कर येते, तो बोलून दाखवतो. अर्थात माणसांतही रक्तदाब बराच काळ मुकाच असतो. जनावराचे तर बोलणेच खुंटले. म्हणून पुष्कळदा पहिले लक्षण दिसते ते डोळ्यांत, आणि तेही उशिरा.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरी तेरा वर्षांचे मांजर होते. एके दिवशी ते दाराच्या चौकटीला धडकू लागले. ताटली नेहमीच्या जागेवरून हातभर सरकवली तरी त्याला सापडेना. भर दुपारच्या उन्हातही त्याच्या बाहुल्या मोठ्या दिसत होत्या. "म्हातारपणी मोतीबिंदू झाला असेल," असे सगळे म्हणाले. गुरुजींच्या मुलीने कोठेतरी वाचले, की हे रक्तदाबामुळे होते. गुरुजी स्वतः अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम घेत. अर्धी गोळी हातात घेऊनच ते मला विचारायला आले. मी त्यांना तसेच पशुवैद्यकाकडे धाडले. मांजराचा रक्तदाब २०० च्या वर होता आणि डोळ्यांतील दृष्टिपटल सुटले होते. रक्ततपासणीत मूत्रपिंडांचा विकार निघाला. औषध सुरू झाले, आहार बदलला. एका डोळ्याने थोडे दिसू लागले, दुसरा गेला तो गेलाच. पण त्यानंतर ते मांजर दोन वर्षे नीट जगले.

दृष्टिपटल सुटल्यावर उपचार जितके लवकर, तितकी नजर परत येण्याची आशा जास्त. येथे दिवस मोजू नयेत, तास मोजावेत. म्हणून पुढील खुणा लक्षात ठेवाव्यात : अचानक ठेचकाळणे किंवा भिंतीला धडकणे, उजेडातही विस्फारलेल्या बाहुल्या, डोळ्यात रक्त उतरणे, तोल जाणे, मान वाकडी होणे, झटके येणे, फार पाणी पिणे व वारंवार लघवी, वजन घटणे, म्हाताऱ्या मांजराने रात्री-अपरात्री विचित्र आवाजात ओरडणे. यातील प्रत्येक खूण रक्तदाबाचीच असते असे नाही. पण प्रत्येक खूण दाखवून घेण्याजोगी निश्चित आहे. सात वर्षांपुढील मांजराचा रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजून घ्यावा, असे तज्ज्ञ सांगतात.

आपले यंत्र चालते का?

घरी बी.पी. मोजायचे यंत्र असतेच. तेच कुत्र्याच्या पायाला लावून पाहणारे हौशी लोक मला भेटले आहेत. त्याचा उपयोग नाही. पट्ट्याची रुंदी प्राण्याच्या पायाच्या घेराच्या ३० ते ४० टक्के असावी लागते. पट्टा अरुंद असेल तर आकडा खोटा वाढतो, रुंद असेल तर खोटा उतरतो. माणसाच्या दंडासाठी केलेला पट्टा मांजराच्या पायावर म्हणजे बाळाला बाबांचा सदरा. स्टेथोस्कोप लावून आपण जे ठोके ऐकतो, ते या प्राण्यांच्या बारीक धमन्यांत नीट ऐकूही येत नाहीत. त्यासाठी पशुवैद्यक डॉप्लर किंवा खास प्राण्यांसाठीचे यंत्र वापरतात.

शिवाय भीतीचा प्रश्न आहेच. माझ्या दवाखान्यात आल्यावर माणसांचासुद्धा रक्तदाब वाढतो. मग टोपलीत कोंडून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यात आणलेल्या मांजराचे काय होत असेल? म्हणून मोजण्यापूर्वी त्याला शांत जागी पाच-दहा मिनिटे बसू देतात. मालकाने जवळ थांबावे, ओळखीचा टॉवेल सोबत न्यावा. पहिला आकडा सोडून देऊन पुढच्या पाच-सात आकड्यांची सरासरी घेतात. हे सारे करायला वेळ लागतो. एकदाच मोजून घाईघाईने गोळी मागू नये.

आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्यतः गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या येतात, त्यामुळे लहान प्राण्यांचे यंत्र तेथे नसण्याची शक्यता आहे. अशा वेळी तेथूनच चिठ्ठी घेऊन मोठ्या शहरातील लहान प्राण्यांच्या दवाखान्यात जावे. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळ असेल तेथे आधी चौकशी करून जावे.

आपली गोळी का नको?

पहिले कारण मात्रा. आपण सारे शाळेत त्रैराशिक शिकलो. साठ किलोच्या माणसाला पाच मिलिग्रॅम, तर चार किलोच्या मांजराला किती? उत्तर येते एक तृतीयांश मिलिग्रॅम. प्रत्यक्षात पशुवैद्यक अशा मांजराला अॅम्लोडिपिनची सुरुवात साधारणपणे ०.६२५ मिलिग्रॅमने, म्हणजे पाचच्या गोळीच्या आठव्या हिश्शाने करतात; दाब फारच जास्त असेल तर त्याच्या दुपटीने. म्हणजे त्रैराशिकाने काढलेली मात्रा कमी पडली असती, आणि अंदाजाने दिलेली अर्धी गोळी सुरुवातीच्या मात्रेच्या चौपट झाली असती. टेल्मिसार्टनचे गणित आणखी निराळे आहे. मांजराला ते वजनाच्या मानाने माणसाच्या सुमारे तिप्पट लागते. प्रत्येक जातीचे यकृत, मूत्रपिंड, आतडे वेगळे. तेथे अंकगणित चालत नाही. वरचे आकडे मी फरक समजावा म्हणून दिले आहेत, घरी वापरण्यासाठी नव्हे.

दुसरे कारण जोडगोळ्या. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधे असण्याची पद्धत फार आहे : अॅम्लोडिपिन आणि अटेनोलॉल, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध, वगैरे. मोठ्या अक्षरातील नाव एक, आणि बारीक अक्षरात आत दोघे-तिघे. मांजराला एक औषध हवे असताना दुसरे फुकट जाते, आणि ते हृदयाची गती मंदावणारे किंवा शरीरातील पाणी काढून टाकणारे असू शकते.

तिसरे कारण दीर्घकाळ विरघळणाऱ्या गोळ्या. काही गोळ्या चोवीस तास हळूहळू औषध सोडतील अशा बनवलेल्या असतात. अशी गोळी कापली, कुटली किंवा कुत्र्याने चावली, की दिवसभराचे औषध एकदम अंगात जाते.

चौथे कारण औषधाची निवड. मांजराला पहिल्यांदा बहुधा अॅम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मांजरांच्या रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनचे पातळ औषध मंजूर केले. कुत्र्यात मात्र सुरुवात सहसा एनालाप्रिल, बेनाझेप्रिल यांसारख्या गटापासून किंवा टेल्मिसार्टनपासून होते आणि अॅम्लोडिपिन त्याच्या जोडीला येते. कुत्र्याला एकटे अॅम्लोडिपिन दीर्घकाळ दिल्यास मूत्रपिंडाच्या चाळणीवरचा ताण वाढू शकतो. आणखी एक. एनालाप्रिल कुत्र्याला पुष्कळदा हृदयाच्या आजारासाठी दिलेले असते. "शेजाऱ्यांच्या कुत्र्याला हीच गोळी आहे, म्हणजे ती रक्तदाबाची," असा तर्क करू नये.

एका जातीला अमृत ते दुसरीला विष, हे आपल्या देशाने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध माणूस आणि गुरे दोघेही सोसतात. पण ते टोचलेली गुरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि आकाशातली गिधाडे दिसेनाशी झाली. त्यामुळे भारतात २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, आणि २०१५ साली माणसांसाठीच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्याही बंद करून ३ मिलिलिटरची मर्यादा घातली गेली. घरातलेच उदाहरण हवे असेल तर आपली तापावरची साधी पॅरासिटामॉलची गोळी घ्या. ती पचवून निकामी करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

गोळी कशी द्यावी?

आता समजा, तपासण्या होऊन पशुवैद्यकाने गोळी लिहून दिली. पुष्कळदा ती माणसांच्याच औषधांच्या दुकानातून आणावी लागते, कारण प्राण्यांसाठीचे तयार औषध आपल्याकडे सर्वत्र मिळत नाही. अशा वेळी पुढील काळजी घ्यावी.

चिठ्ठीवर मिलिग्रॅममध्ये मात्रा लिहून घ्यावी. "पाव गोळी" एवढेच लिहिलेले नको, कारण गोळी अडीचचीही मिळते, पाचचीही आणि दहाचीही. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर आतले औषध व मिलिग्रॅम पुन्हा वाचावेत. लहान प्राण्याला कमी मिलिग्रॅमची गोळी घेणे बरे, म्हणजे तुकडे कमी करावे लागतात.

गोळी सुरीने किंवा नखाने तोडू नये. औषधाच्या दुकानात गोळी कापायची पात्याची डबी मिळते, ती घ्यावी. एकेक गोळी कापून तेवढेच तुकडे संपवावेत. महिन्याभराचे तुकडे एकदम करून ठेवू नयेत, ते चुरतात आणि दमट होतात. राहिलेले तुकडे कोरड्या, बंद डबीत, उजेडापासून दूर ठेवावेत. आठवा हिस्सा घरी बरोबर होत नाही, असे वाटल्यास पशुवैद्यकाला तसे स्पष्ट सांगावे. गोळी पाण्यात विरघळवून त्यातले पाव पाणी पाजण्याची युक्ती करू नये. अॅम्लोडिपिन पाण्यात फारसे विरघळत नाही. औषध तळाशी बसते आणि आज काहीच नाही, उद्या सगळे, असे होते.

कुत्र्याला गोळी देणे त्या मानाने सोपे. तीन छोटे घास करावेत : पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच पुन्हा नुसता. तिसऱ्याच्या आशेने दुसरा न चावता जातो. त्यासाठी पोळीचा मऊ गोळा, बिनमिठाचे पनीर किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा चालतो. कांदा, लसूण, मनुका-बेदाणे, चॉकलेट, आणि झायलिटॉल घातलेली बिनसाखरेची मिठाई वापरू नये. ही सर्व कुत्र्याला अपायकारक आहेत. कुत्र्याला मधुमेह असेल तर गोडही नको. गोळी पूर्ण थाळ्यातील अन्नात कालवू नये. निम्मे अन्न उरले तर किती औषध गेले ते कळत नाही. घरात दोन प्राणी असतील तर ज्याची गोळी त्याच्याच तोंडात गेली, हे समोर उभे राहून पाहावे.

मांजराचे काम दोघांनी करावे. जाड टॉवेलात गुंडाळून फक्त डोके बाहेर ठेवावे. एका हाताने डोके वरून, गालांच्या हाडांपाशी धरून नाक किंचित वर करावे. खालचा जबडा सैल पडतो. दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाने खालचे पुढचे दात हलकेच दाबून गोळी जिभेच्या मागच्या उंचवट्यापलीकडे, मधोमध टाकावी. तोंड मिटवून घसा वरून खाली हळुवार चोळावा. मांजराने नाक चाटले की बहुधा गोळी गेली. लगेच सुई नसलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने पाच-सहा मिलिलिटर पाणी थेंब-थेंब पाजावे, किंवा थोडे ओले अन्न द्यावे. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून जखम करू शकते. झटापट वाढली तर थांबावे आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. रोज भांडण करून गोळी देण्यापेक्षा पातळ औषध मिळेल का, हे विचारावे.

गोळी दिल्यावर हात साबणाने धुवावेत. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करावे. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या गटांची औषधे गर्भाला घातक ठरू शकतात.

चालू औषधाची पथ्ये

गोळी रोज ठरलेल्या वेळी द्यावी. एखादी वेळ चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नयेत. गोळी दिल्यावर उलटी झाली आणि गोळी बाहेर पडलेली दिसली नाही, तर दुसरी देऊ नये. फोन करून विचारावे. "आता बरे दिसते" म्हणून आपल्या मनाने औषध बंद करू नये. हा मोह माणसांतही मोठा आहे, तो मुक्या जिवावर तरी लादू नये.

जुलाब, उलट्या होत असतील, प्राणी खात-पीत नसेल, मे महिन्याच्या उन्हाने मलूल झाला असेल, तर त्या दिवशीची गोळी देण्यापूर्वी पशुवैद्यकाला विचारावे. शरीरातील पाणी कमी झालेले असताना रक्तदाब उतरवणारी औषधे मूत्रपिंडांना अडचणीत आणू शकतात. दुखण्यावरची औषधे, विशेषतः मेलोक्सिकॅमसारखी, एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनबरोबर आपल्या मनाने कधीही देऊ नयेत.

औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण आठवडा-दहा दिवसांत रक्तदाब पुन्हा मोजतात. दाब फारच जास्त असेल तर त्याहूनही लवकर. एनालाप्रिल-टेल्मिसार्टन गटात रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियमही पाहतात. पुढे सारे स्थिर झाले तरी तीन ते सहा महिन्यांनी तपासणी हवी. उद्देश वरचा आकडा १६० च्या आत, जमल्यास १४० च्या आत आणण्याचा असतो, आणि तोही सावकाश. प्राणी गळून गेला, उभे राहताना लटपटला, सारखा झोपून राहू लागला, तर दाब प्रमाणाबाहेर उतरला असेल. त्याच दिवशी दाखवावे. अॅम्लोडिपिनने काही कुत्र्यांच्या हिरड्या वाढतात. तसे दिसल्यास सांगावे, गोळी परस्पर थांबवू नये.

चुकून गिळली तर?

आमच्याच भागात घडलेली गोष्ट. आजोबांच्या उशाशी गोळ्यांची स्ट्रिप होती. आठ महिन्यांच्या कुत्र्याला ती खुळखुळ्यासारखी वाटली. घरच्यांनी पाहिले तेव्हा पाच जागा रिकाम्या होत्या आणि कुत्रा अंगणात उड्या मारत होता. "काही झाले नाही, चांगला खेळतोय," म्हणून सारे निश्चिंत झाले. संध्याकाळी तो उठेना. हिरड्या पांढुरक्या, पाय गार. रात्रभर सलाईनवर राहून तो वाचला, पण थोडक्यात.

यातला धडा असा, की रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही तास लागू शकतात आणि तो पुढे दिवसभर किंवा अधिकही टिकतो. प्राणी खेळतो आहे, हा पुरावा धरू नये. ताबडतोब पशुवैद्यकाला फोन करावा आणि स्ट्रिप किंवा बाटली सोबत घेऊन निघावे. किती गोळ्या होत्या, किती उरल्या, किती वाजता गेल्या आणि प्राण्याचे वजन किती, हे कागदावर लिहून न्यावे. मीठपाणी पाजून उलटी करवू नये. मिठाची विषबाधा होऊ शकते, आणि उलटी श्वासनलिकेत गेली तर दुसरेच संकट. दूध, तूप, ताक पाजूनही औषध उतरत नाही. त्यात नुसता वेळ जातो.

घरातला डबा

शेवटी मी माझ्या अखत्यारीतल्या गोष्टीकडे येतो. आजोबांच्या गोळ्या, आजीच्या गोळ्या आणि मांजराच्या गोळ्या एकाच डब्यात ठेवू नयेत. प्राण्याच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत त्याचे नाव लिहावे आणि डबा वेगळ्या फळीवर ठेवावा. कारण चूक उलट्या बाजूनेही होते. मांजरासाठी कापलेला गोळीचा आठवा हिस्सा चष्मा न लावता आजोबांनी घेतला, तर त्यांचा रक्तदाब त्या दिवशी मोकाट. गोळी उशाशी, टेबलाच्या कडेला, चहाच्या बशीत काढून ठेवू नये. खाली पडलेली गोळी सापडेपर्यंत शोधावी. रांगते मूल आणि कुत्र्याचे पिल्लू या दोघांचेही तोंड जमिनीजवळच असते, आणि दोघांनाही गोळी म्हणजे खाऊ वाटतो.

आपली गोळी मांजराला द्यावीशी वाटते, त्यामागे वाईट हेतू नसतो. शहर लांब असते, पैसा लागतो, आणि समोर तडफडणारा जीव बघवत नाही. हे मी समजू शकतो. पण त्या वेळी गोळी अर्धी करण्यात घालवलेली पाच मिनिटे पशुवैद्यकाला फोन करण्यात घालवावीत. आपल्या घरातला म्हातारा प्राणी या आठवड्यात एकदा उजेडात नीट पाहा : त्याच्या बाहुल्या, त्याची चाल, त्याचे पाण्याचे भांडे. काही वेगळे दिसले तर माझ्याकडे नव्हे, त्याच्या डॉक्टरांकडे जा. आणि स्वतःची सकाळची गोळी मात्र तुम्ही स्वतःच, पूर्ण घ्या.